आमचे बाई

पेपरात दोन चिमुकल्या देशांची तुलना आलेख काढून छापली होती. प्राथमिक शाळेत पुरुष शिक्षक किती? एका देशाचा खांब चांगला उंच, दुसऱ्याचा संपत आलेल्या खडूएवढा. मी त्या खडूकडेच बघत बसलो. तिथेही कुणीतरी पुरुष पहिलीच्या पोरांची नाकं पुसत असेल. त्याला ती काय म्हणून हाक मारत असतील?

मला ‘बाई’ म्हणतात. आमच्या शाळेत खालच्या वर्गांवर माझ्याशिवाय सगळ्या बाईच, त्यामुळे पोरांना दुसरा शब्द सुचतच नाही. ‘आमचे बाई आले!’ हे पहिल्यांदा कानावर पडलं तेव्हा आमचे मुख्याध्यापक पोट धरधरून हसले. मग निवृत्त होईपर्यंत दर मीटिंगला ‘या बाई, बसा’ म्हणून त्यांनी चारचौघांत माझी टर उडवली. त्या उंच खांबाच्या देशात असं कुणी हसत नसेल. पण मी तिथे राहत नाही. आणि मी विसरतही नाही.

यंदा त्यांची नात माझ्या वर्गात आली. तिनेही तोच शब्द उचलला. मी मुद्दाम दुरुस्त केला नाही.

काल ते तिला न्यायला आले. फाटकाशी बाकीचे पालक उभे होते. तिने त्यांचा हात ओढला. “आबा, हे आमचे बाई. त्यांना नमस्ते म्हणा ना!”

ते खाली बघत पुटपुटले, “नमस्ते, बाई.”

मी कानामागे हात धरला.

“ऐकू नाही आलं. पुन्हा एकदा, मोठ्याने.”