दिवा लागला म्हणजे शांती

आता चहा हातात घेतलाच आहे तर माझी फजिती पण ऐका. हसायचं असेल तर कप खाली ठेवून हसा. सांडला तर मी पुसणार नाही.

आमची नात प्रज्ञा अंधेरीच्या कॉलेजात इंजिनिअरिंग करते. तिनं एक पट्टा बनवला. कपाळाला बांधायचा, की तो म्हणे मेंदूतलं ओळखतो आणि तसा टेबलावरचा बल्ब चालू-बंद करतो.

"आबा, पुढे इंटरनेट हातानं नाही, डोक्यानं चालणार. मनात आणलं की मेसेज गेला."

"मनातली शिवी पण जाईल?"

"जाईल की."

"मग पहिला मेसेज आपल्या बिल्डिंगच्या सेक्रेटरीला!"

परीक्षेच्या दिवशी पट्टा बांधून बसणारी तिची मैत्रीण तापानं आडवी. पोरगी रडवेली. प्रयोग दाखवला नाही तर वर्ष बुडणार! मी म्हटलं, मी मेलोय काय? रोज विहारात ध्यानाला बसतो. माझ्याएवढं थंड डोकं अख्ख्या जोगेश्वरीत दाखव.

रिक्षात ती समजावत होती, "आबा, आधी शांत बसायचं, मग बल्ब..." पण मी ऐकतोय कुठं? मी रिक्षावाल्याशी भांडत होतो. एक खड्डा सोडेल तर शपथ! बाजूला आमची म्हातारी गप बाहेर बघत बसलेली.

कॉलेजात पोचलो. परीक्षक मॅडम समोर. मी पट्टा बांधला, डोळे मिटले, उघडून बघतो तर काय सांगू, बल्ब लख्ख पेटलेला!

आता मेणबत्ती लावून ध्यानाला बसणारा माणूस मी. दिवा लागला म्हणजे शांती, यात शिकायचं काय? मी छाती फुगवून बसलो.

प्रज्ञा कानात कुजबुजली, "आबा, शांत व्हा ना!"

"अगं, दिवा लागलाय की! अजून किती शांत होऊ?"

मॅडमनी चष्मा वर केला. "हा बल्ब विझतच नाही. सरळ बॅटरीला जोडलाय का?"

झालं! माझ्या नातीला खोटी म्हणते? मी उठलोच. "ओ मॅडम, ही पोरगी रात्रीची झोपली नाही! आणि तुम्ही इथं एसीत बसून..." बल्ब असा भगभगला की मागची पोरं फिदीफिदी हसायला लागली. मी त्यांच्यावर पण ओरडलो. बल्ब आणखी भगभगला.

"आबा!" प्रज्ञा रडतच म्हणाली, "डोकं तापलं की बल्ब लागतो. शांत असेल तर बंद!"

मी मटकन खाली बसलो. वाट लागली! पोरीचं वर्ष मी माझ्या हातानं, म्हणजे डोक्यानं, बुडवलं.

तेवढ्यात म्हातारी उठली. माझ्या कपाळाचा पट्टा काढून स्वतःला बांधला. बल्ब गपकन बंद.

मॅडम खुर्चीत पुढं सरकल्या. "अरे वा! आजी, आता जरा राग आणा बघू."

"कुणाचा आणू?"

"कुणाचाही."

म्हातारीनं मान वळवून नुसतं माझ्याकडे बघितलं. बल्ब टक्कन पेटला!

"आता खिडकीबाहेर बघा." बंद. "परत आजोबांकडे." चालू! मॅडमना एवढी मजा आली की त्या थांबेचनात. पोरं टाळ्या वाजवतायत आणि मी मधोमध बसलोय, नवरीसारखा मान खाली घालून.

नात पास झाली. झकास मार्क पडले. उद्याचं इंटरनेट डोक्यानं चालो नाहीतर गुडघ्यानं, त्यात माझं काम आजच पक्कं झालंय. आमच्या म्हातारीच्या मशीनचं बटण मीच!