प्रभुभोजनाची परीक्षा

भूकंपात माझी मावशी गेली आणि तिची मुलगी लातूरला आमच्याकडे राहायला आली. आम्ही दोघी दहावीत. माझा अर्धा पलंग तिला मिळाला आणि आईची सगळी मायाही. लिहायला आज लाज वाटते, पण मला तिचा हेवा वाटायचा. आई गेलेल्या मुलीचा.

चर्चच्या उपासनेत ती मागच्या बाकावर झोपायची. जेवणाआधीची प्रार्थना संपायच्या आत खुशाल घास घ्यायची. आई तिला काही बोलायची नाही. याच चुकीसाठी मी लहानपणी चापट्या खाल्ल्या होत्या.

गावात तेव्हा गल्लोगल्ली क्लासचे बोर्ड लागत होते. जो तो मेरिटचंच बोलायचा. मला पाठांतराची इतकी सवय लागली की पहिल्या प्रभुभोजनाआधीची, म्हणजे चर्चमध्ये प्रभूची भाकर पहिल्यांदा घेण्याआधीची, शिकवणीही मी तशीच उरकली. बायबलातल्या दहा आज्ञा तोंडपाठ, एकही रविवार चुकवलेला नाही.

शेवटी आमच्या चर्चच्या पाळकांनी दोघींची परीक्षा घेतली, तेव्हा आधी मला विचारलं. मी धडाधड उत्तरं दिली. मग ते तिच्याकडे वळले. "तू प्रार्थना करतेस का?"

"न्हाई," ती म्हणाली. "देवाशी भांडण करते. माझ्या आईला का नेलं म्हणून. रोजच."

मला वाटलं, झालं, ही नापास.

"तो ऐकतो असं वाटतं तुला?"

"ऐकत नसता तर भांडले कशाला असते?"

पाळकांनी चष्मा काढून पुसला. "रविवारी दोघी या," म्हणाले.

ती बाहेर चपला घालत होती तेवढ्यात मी परत आत गेले. "पास्टर, तिला एकही आज्ञा येत नाही."

"माहीत आहे मला."

"मग मी एवढं पाठ कशाला केलं?"

"चांगलं केलंस, बाळा. पण हे जेवण मार्कांवर मिळत नाही. तिलाही नाही, तुलाही नाही." मग त्यांनी विचारलं, "तू कधी भांडलीस त्याच्याशी?"

भांडावं इतकी ओळखच नव्हती आमची.

रविवारी आम्ही शेजारी शेजारी गुडघे टेकले. भाकर हातावर पडली तशी ती रडू लागली. माझे डोळे कोरडेच राहिले, आणि मला तिच्या रडण्याचाही हेवा वाटला.

त्या संध्याकाळी मी पहिल्यांदा पाठ नसलेली प्रार्थना केली. "ती मला आवडत नाही," एवढंच बोलले. हेवा काही लगेच गेला नाही. पुढे कितीतरी दिवस मी देवाला तेच सांगत राहिले.