कूलरचं आहे, भैया

माझ्या साडूंइतका खरं बोलणारा माणूस अख्ख्या जबलपुरात दुसरा झाला नाही, आणि त्यामुळेच त्यांच्यासोबत बाजारात जायला माझ्याइतका लाजणाराही दुसरा झाला नसेल. फॅक्टरीतून फोरमन म्हणून रिटायर झाल्यावर लोक तीर्थयात्रेला जातात. साडूंनी मागच्या अंगणात विमान बांधायला घेतलं. खरं, माणूस बसेल असं. पण एकच. त्यावरून माझी मेहुणी म्हणाली होती, "अच्छा, म्हणजे मला सोडून जायची सोय करून राहिले!"

विमानाला विमानाचेच भाग लागतात हे साडूंना मान्य नव्हतं. "विमानाचा नट म्हटलं की दुकानदार चांदीचा भाव लावतो. नट तो नट!" म्हणून चाकं मोपेडची, टाकी जनरेटरची आणि इंजिन एका म्हाताऱ्या मोटारीचं. पंखांना शामियानेवाल्याचं लाल-पिवळ्या पट्ट्यांचं कापड चढलं, त्यामुळे ते विमान लांबून कुणाच्या तरी लग्नासारखं दिसायचं. समोरची काच साइनबोर्डवाल्याकडची. आत बसलं की 'शुद्ध देसी घी' ही अक्षरं उलटी वाचता यायची. विमान कलतंय का हे कळावं म्हणून अर्धी भरलेली गंगाजलाची बाटली आडवी बांधली होती. प्लास्टिकची खुर्ची निवडताना तर त्यांनी दुकानातल्या एकेका खुर्चीत बसून, डोळे बारीक करून, हवेतला दांडा ओढून पाहिला. दुकानदार घाबरला. "अंकल, तबियत ठीक है?"

"ठीक है भैया, बाएँ मुड़ रहा हूँ."

कुणीही विचारो, साडू एकच उत्तर देत, "हवाई जहाज का है." मग शेजारचे दुकानदार जमत, कुणी चहा मागवी, कुणी दिलेला माल परत मागून घेई, की बाबूजी, उद्या आमचं नाव नको यायला. सिविल लाइंसच्या ऑफिसात जन्मभर नमस्कार घेतलेला मी माणूस. मी साडूंच्या पाठीमागून हळूच सांगायचो, "कूलर का है, भैया." आमच्या गावात या उत्तराने कुणाचंही समाधान होतं. उन्हाळा आला की मोटर, पाइप, पत्रा, पंखा, जे काही जगात आहे ते शेवटी कूलरलाच लागतं.

विमानाच्या नाकावरचा मोठा पंखा मात्र बनवून घ्यावा लागला. साडूंनी खाकी कागदावर त्याचा पूर्ण मापाचा नक्शा काढला, पंखेवाल्याला दिला आणि ते समोरच्या दुकानात बिजागऱ्या बघायला गेले. पंखेवाल्याने मला विचारलं, "किसका है?" मी म्हणालो, "शादी-घर के बड़े कूलर का." पंखा घ्यायला मी एकटाच गेलो, तेव्हा तो भला माणूस म्हणाला, "नक्शा उल्टा बना था बाबूजी, बाहर हवा फेंकता. हमने सीधा कर दिया, अब अंदर खींचेगा." मला काही कळलं नाही. मी त्याला धन्यवाद दिले.

शहपुऱ्याकडच्या एका कापणी झालेल्या शेतात चाचणी ठरली. "गवतावरून वीतभर उठलं तरी माझं झालं," साडू म्हणत होते. गाव जमलं होतं. साडू स्वेटर आणि हेल्मेट घालून बसले, इंजिन धडधडलं, त्यांनी ब्रेक सोडला, आणि विमान अत्यंत संथपणे, वरातीसारखं, मागे मागे निघालं. थेट भुशाच्या ढिगात. गर्दीतून एकजण ओरडला, "बाबूजी, रिवर्स में पड़ा है, गियर बदलो!"

गळ्यापर्यंत भुशात बुडालेले साडू मला एवढंच म्हणाले, "काहून हो असं झालं? माझं गणित कुठं चुकलं?"

पंखेवाल्याचं 'सीधा कर दिया' मला आत्ता कुठे कळलं. मी त्यांच्या हेल्मेटवरचा भुसा झटकत राहिलो.

ते पुढे कित्येक महिने कागद तपासत बसले. नक्शा त्यांचाच होता, म्हणून पंख्याकडे त्यांनी पुन्हा पाहिलंच नाही. मग विमान सुटं झालं, आणि मी लग्नाकार्यात 'मागे उडणारे साडू' ही गोष्ट रंगवून सांगू लागलो. साडूही हसायचे. पण कधी कुणाचा सल्ला न घेणारा हा माणूस आता भिंतीत खिळा ठोकायच्या आधी मला विचारायचा, "बरोबर आहे ना हो?" ते मला ऐकवत नसे.

यंदाच्या मे महिन्यात त्यांच्याकडे कूलरसमोर बसलो होतो. भर दुपारी मी शादी-घराच्या कूलरची थाप आणि पंखेवाल्याने उलटा केलेला पंखा, सगळं सांगून टाकलं. साडूंनी कूलरच्या फिरत्या पात्यांसमोर हात धरून हवा कुठे जाते ते पाहिलं.

"म्हणजे गणित बरोबर होतं?"

"बरोबर होतं."

ते उठले आणि चपला शोधू लागले. "चला, पंखेवाल्याकडे. आता पात्यांचा डावा-उजवा पीळ मी स्वतः सांगतो."

माझ्या खांद्यावर हात ठेवून ते पायरी उतरले. हल्ली त्याशिवाय उतरवत नाही. शहपुऱ्याच्या त्या शेतात आता घरं झाली आहेत, हे त्यांनाही माहीत आहे. आम्ही ऑटोने गेलो. दुकानात आता त्या पंखेवाल्याचा मुलगा बसतो. त्याने विचारलं, "किसका है, अंकल?"

साडूंनी माझ्याकडे पाहिलं.

"हवाई जहाज का," मी म्हणालो. शेजारच्या दोन दुकानांना ऐकू जाईल असं म्हणालो.

मुलाने एकदा त्यांच्याकडे, एकदा माझ्याकडे पाहिलं आणि पेन्सिल कानामागून काढली. "कितने लोग बैठेंगे?"

आयुष्यात कधी खोटं न बोललेले माझे साडू म्हणाले, "दो."