तरोटा आणि कासविंदा

नेकनूरच्या बाजारपेठेत विश्वेश्वरअप्पांचं कापडाचं दुकान. शिवकांताबाई त्यांच्या पत्नी. दोन्ही मुली शिकायला लातूरला गेल्या तेव्हा बाईंच्या दुपारी एकदम मोकळ्या झाल्या. २००५च्या दिवाळीत भावाने त्यांना ओवाळणीत डिजिटल कॅमेरा घातला. महिनाभर त्यांनी बारशांचे, वाढदिवसांचे फोटो काढले आणि कंटाळल्या. मग एकदा शेताच्या बांधावरच्या इवल्याशा निळ्या फुलाचा फोटो काढला, तर त्याचं नाव घरात कुणालाच सांगता येईना. खुरपणीला येणाऱ्या तुळजाबाईंनी मात्र लांबूनच ओळखलं.

तेव्हापासून दोघींची जोडी जमली. तुळजाबाई पुढे चालत, नाव सांगत. शिवकांताबाई वाकून फोटो काढत आणि वहीत क्रमाने नावं लिहीत. घोळ, पाथरी, कुर्डू, तांदुळजा. पंधरा दिवसांनी एकदा बाई बसने बीडला जात आणि नेट कॅफेत बसून ते फोटो एका मोफत ज्ञानकोशाच्या चित्रसंग्रहात चढवत. तिथे प्रत्येक फोटोखाली परवाना निवडावा लागे. बाईंनी निवडलेल्या परवान्याचा अर्थ साधा होता : कुणीही वापरा, छापा, फक्त माझं नाव लिहा.

"अगं, फुकट काहून देतीस?" अप्पांनी एकदा विचारलं.

"गवत काय मी पेरलंय का?" बाई म्हणाल्या. अप्पा हसले आणि पुन्हा कधी विचारलं नाही.

२००७च्या श्रावणात पोस्टाने एक लिफाफा आला. आत हिरव्या मुखपृष्ठाची पातळ पुस्तिका होती, 'रानभाज्या ओळखा'. सोबत प्रियदर्शनी नावाच्या मुलीचं पत्र. ती एका सामाजिक संस्थेत काम करत होती. बाईंचे सात फोटो तिने पुस्तिकेत घेतले होते, प्रत्येकाखाली त्यांचं नाव होतं, आणि सोमवारी चौसाळ्याच्या बैठकीत ही पुस्तिका अंगणवाडीच्या बायांना वाटायची होती.

बाईंना काय करू नि काय नको असं झालं. पुस्तिका आली शनिवारी. रविवारभर ती आल्यागेल्याला दाखवून झाली. सोमवारी सकाळी तुळजाबाई आल्या, तशी बाईंनी त्यांना ओट्यावर बसवून एकेक पान उलटलं. तुळजाबाईंना वाचता येत नव्हतं, पण चित्र पाहून त्या नाव सांगत होत्या. पाचव्या पानावर थांबल्या.

"ह्यो कासविंदा हाय."

"नाही मावशी, तरोटा. खाली लिहिलंय ना."

"लिव्हलं आसंल. पर पानं बगा की वैनी, टोकदार हायेत. तरोट्याचं पान गोल आसतंय. ह्याच्या शेंगा खाऊन पोरं आजारी पडत्यात. लई वंगाळ झाड."

बाईंनी वही काढली. हा फोटो ज्या दिवशी काढला त्या दिवशीचा तिसरा फोटो हलला होता म्हणून पुसून टाकला होता, आणि फोटोंना वहीतली नावं देताना तोही मोजला गेला होता. तिथून पुढची सगळी नावं एकेक घर सरकली होती. तरोट्याच्या नावावर कासविंदा गेला होता.

पुस्तिकेत छापलं होतं, 'कोवळा पाला खुडून भाजी करावी.' त्यांनी पत्रातल्या नंबरवर फोन लावला. बंद. पुन्हा लावला. बंद. तशाच दुकानात गेल्या आणि गिऱ्हाईकासमोरच म्हणाल्या, "अहो, गाडी काढा. चौसाळ्याला जायचंय, आत्ता."

अप्पांनी अर्धवट उलगडलेला तागा तसाच ठेवला. मांजरसुंब्याच्या फाट्यावर गाडी वळली. तेव्हा बाई मागच्या सीटवरून म्हणाल्या, "एखाद्या लेकराने खाल्लं असलं तर?"

"आज तर वाटायलेत ना? मग कसं खाल्लं असंल?" अप्पा म्हणाले. पण त्यांनी गाडीचा वेग वाढवला.

सभागृहात चाळीसेक बाया बसल्या होत्या आणि प्रत्येकीच्या हातात पुस्तिका होती. समोर चष्मा लावलेली प्रियदर्शनी बोलत होती. शिवकांताबाई सरळ तिच्याजवळ गेल्या, धापा टाकत आपलं नाव सांगितलं आणि सगळ्यांकडे वळल्या. आयुष्यात त्या कधी सभेत बोलल्या नव्हत्या.

"पाचव्या पानावरचा फोटो माझा आहे. तो तरोटा नाही, कासविंदा आहे. चूक माझी आहे. हात जोडते, ते बघून कुणी भाजी खुडू नका."

मग मागच्या रांगेतून हसण्याचा मोठा आवाज आला. विमलबाई नावाची वयस्कर सेविका पदर सावरत उठली.

"आवो ताई, आमी मघापासनं त्येच बोलायलो हाव! ह्या पोरीला सांगावं का न्हाई, ह्येच ठरंना. छापलेल्याला चूक कसं म्हणावं?"

सभागृह हसलं. प्रियदर्शनी आधी लालबुंद झाली आणि मग तीही हसली. शिवकांताबाई भिंतीला टेकून खाली बसल्या. कुणीतरी पाण्याचा तांब्या दिला. तो त्यांनी एका दमात अर्धा केला.

तेवढ्यात पुढच्या रांगेतली एक नवी सेविका हळूच म्हणाली, "मी औरंगाबादेत वाढले. मला नव्हतं माहीत. मी केली असती भाजी."

चाळीस जणींनी पेनं काढली आणि पाचव्या पानावर आपापल्या अक्षरात लिहिलं : 'कासविंदा. खाऊ नये.' पुस्तिकांचे उरलेले गठ्ठे संस्थेच्या खोलीत होते. त्यातल्या प्रत्येक प्रतीत पाचव्या पानावर चिठ्ठी चिकटवायचं प्रियदर्शनीने कबूल केलं. विमलबाई तिला म्हणाली, "दुसऱ्या बारीला दोनी फोटू शेजारी शेजारी छापा. फरक तरी कळंल."

परतताना मांजरसुंब्याला अप्पांनी गाडी थांबवली. बाईंनी दोन प्लेट भजी खाल्ली. सकाळपासून पोटात काही नव्हतं, हे त्यांच्या तेव्हा ध्यानात आलं.

दुसऱ्या दिवशी त्या बीडला गेल्या. फोटोचं नाव बदलताना त्यांना पहिल्यांदाच दिसलं की प्रत्येक चित्रामागे चर्चेचं एक पान असतं. तिथे तीन आठवड्यांपूर्वी कोल्हापूरच्या कुणा वनस्पतिशास्त्राच्या शिक्षकाने विचारलं होतं, "पानांची टोकं पाहता हा कासविंदा असावा का? कृपया तपासावे." बाईंनी उत्तर लिहिलं, "होय. चूक माझी. आभारी आहे." त्या अनोळखी माणसाने आपल्या गवताकडे इतकं निरखून पाहिलं, याचंच त्यांना मोठं नवल वाटलं.

पुढच्या चार दुपारी तुळजाबाईंना शेजारी बसवून त्यांनी कॅमेऱ्याच्या लहानशा पडद्यावर सगळे फोटो तपासले. त्याच दिवशीचे आणखी तीन फोटो चुकीच्या नावाने गेले होते. सगळी निरुपद्रवी गवतं. ती नावंही दुरुस्त झाली आणि प्रत्येक फोटोखाली नवी ओळ आली : 'ओळख पटवली : तुळजाबाई, नेकनूर.'

चुकीचा तरोटा तोवर दोन संकेतस्थळांनी उचलला होता. एकाने पत्र मिळताच दुरुस्ती केली. दुसऱ्याला बाईंनी पाच पत्रं लिहिली, उत्तर आलं नाही. दर खेपेला कॅफेत बसलं की त्या आधी ते पान उघडून पाहत आणि तो फोटो तिथेच असे. संक्रांतीनंतर एकदा उघडलं, तर ते संकेतस्थळच बंद पडलेलं. पडद्यावर पांढरा कागद नि एक इंग्रजी ओळ. बाई एकट्याच मोठ्याने हसल्या. कॅफेवाल्याने मान वर करून पाहिलं.

"काय झालं काकू?"

"काही नाही," त्या म्हणाल्या, "एक काम मिटलं."