बारावी गाठ

…तर तो लोकरीचा दोरा. काल बोलणं तिथंच राहिलं. भिकनच्या दाराशेजारी खिळ्याला तो लोंबायचा आणि येणारा-जाणारा हटकून विचारायचा, "भिकनराव, कसला नवस बोललाय?"

"नवस नाय बाबा, हजेरी हाय," भिकन हसायचा.

भिकन फर्दापूरकडचा, मेंढरांमागं वाढलेला. बहात्तरच्या दुष्काळात मेंढरं संपली आणि तो शहरात, औरंगपुऱ्यात, एका कापड दुकानावर राखणदार झाला. समोरच्या पाट्या वाचता वाचता अक्षरं जुळली, आणि साठी उलटल्यावर गड्याला लिहायचा नादच लागला! नेम असा, की गुढीपाडव्याला नवा दोरा टांगायचा आणि पुढच्या पाडव्यापर्यंत बारा पानं लिहायची. कॅलेंडरचा महिना सरला की तो कागद फाडायचा आणि त्याच्या कोऱ्या पाठीवर मेंढरांच्या दिवसांतलं काही लिहायचं.

पण लिहिलं म्हणून लगेच गाठ नाही हां! त्याच्या बापाची रीत होती, कोकरू स्वतः चरायला लागेपर्यंत त्याला कळपात मोजायचं नाही. तसं पान दुसऱ्यानं मोठ्यानं वाचलं, भिकनला एक अक्षर विचारलं नाही, तरच गाठ. वाचायला त्याची बायको बानाबाई. चौथी शिकलेली, त्यामुळं घरात तिचाच रुबाब.

"हे 'ध' हाय का 'घ'? डोकं उघडं ठेवलंय का झाकलंय, कळू तरी द्या!" असं ती म्हणाली, की पान परत.

पहिल्या साली सात गाठी झाल्या, दुसऱ्या साली नऊ. या साली मात्र पाडवा उद्यावर आला आणि दोऱ्यावर अकरा. गाठ राहिलेलं ते एक पान दिवाळीतच लिहून झालं होतं. ते पेटीत, धोतराच्या घडीत होतं. वाचायला द्यावं तर बानाबाईचं मन मोडायची भीती, न द्यावं तर खोटं तसंच पेटीत राहणार.

दुपारी बानाबाई गुढीची काठी पुसत बसली होती. भिकननं कागद तिच्यापुढं धरला आणि स्वतः उंबऱ्यात जाऊन बसला, पाठमोरा.

ती वाचू लागली. बहात्तर साल. चाऱ्यापाण्यासाठी कळप गोदावरीकडं निघालेला. बानाबाईनं बाटलीनं दूध पाजून वाढवलेली भोरी मेंढी बिडकीनजवळ लंगडी झाली. "भोरीला लांडग्यानं नेलं असं मी सांगितलं. ते खोटं. एका विहिरीवरच्या माणसाजवळ मी तिला सोडली. ती सोबत असती तर तू पाऊल उचललं नसतंस, आन् बाकीची मेंढरं तहानेनं मेली असती. माझी चूक झाली."

बानाबाई कुठं अडली नाही. एक अक्षर विचारलं नाही. वाचून झाल्यावर तिनं कागद बाजूला ठेवला आणि पुन्हा काठीवर फडकं फिरवलं.

"मला ठावं होतं," ती म्हणाली.

भिकन गर्रकन वळला. "कधीपासून?"

"त्याच सांजेपासून. तुमी भोरीची घंटी आणून दिली ना, झुडपात घावली म्हणून? तिच्या दोरीची गाठ सोडलेली होती. लांडगा काय गाठ सोडून खातो व्हय?"

भिकनला हसावं की रडावं कळेना. "आन् येवढी वर्सं बोलली नाय?"

"लई राग होता. पण घंटी इकून खाल्ली नाय तुमी, माझ्यासाठी जपून आणली. मग म्हनलं, कधीतरी सांगतील."

ती उठली, खिळ्याजवळ गेली आणि तिनंच बारावी गाठ मारली. दातानं ओढून घट्ट केली, कोकराच्या गळ्यात दोरी बांधताना करायची तशी.

"झाल्या बारा. आता उद्याच्या दोऱ्यावर किती धरायच्या?"

भिकननं धोतराच्या सोग्यानं डोळे पुसले आणि म्हणाला, "तेरा. बारा माझ्या आन् एक तुझी. तू माझ्यापासून काय काय लपवलं ते लिव, मी वाचतो. आन् हे बघ, मी अडखळलो तरी गाठ मारायची बरं का!"