पहाटे पाचचा फ्रान्स

आम्ही नवरा-बायकोने फ्रान्समध्ये सात दिवस गाडी हाकली आणि पाहिली ती मुख्यतः कुलपं. दोष संपूर्ण माझा आहे.

मी राहतो शारजात आणि गोदाम सांभाळतो पार दुबईच्या दुसऱ्या टोकाला, जबल अलीत. बावीस वर्षं हा रस्ता केल्यावर डोक्यात एकच शास्त्र उरतं: पाचला निघालात तर तासाभरात पोचाल, सहाला निघालात तर खलास. मग ऑफिस असो, दवाखाना असो की लग्न, आम्ही पाचलाच निघतो. (एका लग्नात तर हॉलच्या खुर्च्याही आम्हीच मांडल्या होत्या.)

माझी बायको वैजू शाळेत इतिहास शिकवायची. ‘शिकवायची’ म्हणतो, कारण फळ्यावरचं स्वतःचंच अक्षर तिला दिसेना झालं. डोळ्याच्या पडद्याचा आजार निघाला. अंधारात काही दिसत नव्हतंच, आता दिवसाही कडेकडेने कमी होत होतं. डॉक्टर भला माणूस, त्याने सरळ सांगितलं, “मॅडम, जो देखना है, इसी साल देख लीजिए.” घरी आल्यावर वैजूने कपाटातून इतिहासाचं पुस्तक काढलं. मग म्हणाली, “मला फ्रान्स बघायचाय. ते राजवाडे, ते द्राक्षमळे, आणि चर्चच्या त्या रंगीत काचा. तीस वर्षं पोरांना पुस्तकातल्या चित्रावरून सांगतेय.”

मला रडू येत होतं, म्हणून मी कॉम्प्युटर उघडून तक्ता करायला बसलो. रोज एक राजवाडा, एक वाइनचं तळघर, एक नामांकित जेवण. निघायची वेळ, सातही दिवस, पहाटे पाच. मुलगी म्हणाली, “बाबा, नथिंग ओपन्स बिफोर टेन देअर.” मी तिला ट्रॅफिक म्हणजे काय ते समजावून सांगितलं.

ट्रॅफिक नव्हतंच. ऑक्टोबरातल्या मिट्ट काळोखात लोआर नदीच्या काठाने आम्ही दोघं आणि पुढे एक दुधाचा टँकर. खिडकीतून वैजूला काहीएक दिसत नव्हतं आणि ती तसं बोलतही नव्हती. राजवाडा सहाला गाठला, तो उघडणार साडेनऊला. तोवर थांबलो तर तक्ता कोलमडेल, म्हणून दाराचा फोटो काढून पुढे! चारला उठलेल्या पोटात दहालाच कावळे ओरडायचे, मग वैजूच्या दशम्या. बाराला नामांकित चुली पेटायच्या तेव्हा आमची पोटं भरलेली आणि माझे डोळे मिटलेले असायचे.

बरगंडीत एका वाइनवाल्याचं दार मी सात वाजता ठोठावलं. तो झोपेच्या कपड्यात, कुत्र्यासकट बाहेर आला. मी बुकिंगचा कागद पुढे केला. त्याने त्यावरच्या ‘अकरा’ या आकड्यावर बोट ठेवलं आणि दार लावलं. अकरापर्यंत थांबू या की, असं वैजू म्हणाली. मी तिला तक्ता वाचून दाखवला. शेवटी फ्रान्सची वाइन आम्ही प्यालो ती पेट्रोल पंपावरची, हॉटेलातल्या चूळ भरायच्या ग्लासातून.

शेवटच्या दिवशी ते काचांचं चर्च. दुपारी विमान. उजाडता उजाडता पोचलो. बाहेरून रंगीत काच म्हणजे काजळी धरलेलं तावदान, हे मला तिथे कळलं. वैजूने भिंत हाताने चाचपली.

“हेच का हो?”

“हेच. पण साडेआठशिवाय उघडत नाही. विमानतळाचा रस्ता जाम होईल, यल्ला, चल. पुढच्या वेळी बघू.”

ती पायरीवर बसली. “पुढच्या वेळी मी काय बघणार?”

भाजीचा भाव विचारावा इतक्या शांतपणे म्हणाली. त्या आठवड्याचा एकेक बंद दरवाजा डोळ्यांसमोर आला. मला स्वतःची लाज वाटली. मी तिच्या शेजारी बसलो. आयुष्यात पहिल्यांदा कशाची तरी वाट पाहिली.

दार उघडलं. माझा दंड धरून ती पार पुढच्या बाकापर्यंत गेली. मी शेजारी जरा टेकलो. बाक बरा होता, आणि सात दिवस मी चारला उठत होतो.

“अहो, घोरताय. लोक बघतायत.” मी दचकून उठलो तेव्हा तासभर गेला होता. बाहेर ढग दाटून आले होते आणि काचा विझल्या होत्या. वैजूचे गाल ओले होते. “पाहिलंत ना? तो निळा? माझ्या पायांवर आला होता.”

“पाहिला ना,” मी म्हणालो.

आता तिला उजेड आणि अंधार एवढंच कळतं. घरी कुणी आलं की ती तो निळा सांगते, तो लाल सांगते, ऊन वर चढलं तसा रंग फरशीवरून कसा सरकला ते सांगते. मग माझ्याकडे वळून विचारते, “हो ना हो?” चांगले धडधाकट डोळे घेऊन तिथे गेलेला मी! नुसती मान हलवून भागत नाही, तिला ती दिसत नाही. म्हणून खणखणीत आवाजात ‘हो’ म्हणतो. आणि आवाजावरून माझं खोटं तिला लग्नापासून ओळखता येतं.