सतरावी जर्सी

उल्हासनगरच्या चार नंबर कॅम्पात महिपती टेलरचं दुकान होतं. दुकान कसलं, दोन मशिनी, एक कापायचं टेबल आणि भिंतीला आडवी फळी. पण दरवर्षी जुलै लागला की त्या एवढ्याशा जागेत पाय ठेवायला जागा उरायची नाही. उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर आणि आसपासच्या आठ कॉलेजांची फुटबॉल स्पर्धा ऑगस्टात व्हायची आणि आठही कॉलेजांच्या जर्स्या महिपतीकडेच शिवायला यायच्या.

लोक मात्र जर्सी बघायला येत नसत, ऐकायला येत. समोरचा सिंधी कापडवाला लछमनदास चहा मागवायचा आणि सगळ्यांदेखत विचारायचा, “बोलो साईं, इस साल कौन?” म्हणजे यंदा विजेत्याची ढाल कोण नेणार. नावाजलेल्यांची नावं तर कुणीही सांगेल. ज्याला कुणी हिंग लावून विचारत नाही असा कुठला संघ यंदा भल्याभल्यांना पाणी पाजणार, ते सांगा. महिपती सुई तोंडात धरून एकच नाव घ्यायचा. आणि अहो, नऊ वर्षं एकदासुद्धा चुकला नव्हता! १९८३ पासून ते ९१ पर्यंत. कॉलेजातले सर लोक वह्या घेऊन बसायचे, कोण कुणाला पास देतो आणि कुणाचा गुडघा दुखतो याचा हिशोब मांडायचे आणि तोंडघशी पडायचे. महिपतीला तर ऑफसाइड म्हणजे काय हेसुद्धा धड ठाऊक नव्हतं.

मग कळायचं कसं? ते त्याने बायकोलासुद्धा सांगितलं नव्हतं. झाकली मूठ सव्वा लाखाची, असं म्हणून हसायचा. पण त्या मुठीत जे होतं ते उघडून दाखवण्यासारखं नव्हतंच.

गोष्ट ८२ सालची. अंबरनाथच्या एका कॉलेजच्या सोळा निळ्या जर्स्या शिवून झाल्या होत्या. आठ नंबरची जर्सी पालेगावच्या किसनची, छाती चौतीस. काटकुळा पोर, पण पायात वारं. सराव संपवून पोरं बदलापूरला नदीच्या डोहात पोहायला गेली आणि किसन वर आलाच नाही. दुसऱ्या दिवशी प्रेत सापडलं. कप्तान दुकानात येऊन खाली मान घालून म्हणाला, “मास्तर, आठ नंबर नको आता. पंधराच द्या.”

पंधरा दिल्या. उरली एक. त्याच वेळी उल्हासनगरच्या एका कॉलेजची ऑर्डर टेबलावर होती, त्याच निळ्या ताग्यातली. आणि महिपतीच्या हातून चूक झाली होती. कापताना कापडाचे थर एकावर एक अंथरतात, जितके थर तितके शर्ट. त्याने सोळाऐवजी पंधराच थर घातले होते आणि तागा संपला होता. आता काय करणार? त्याने ब्लेडने किसनचा आठ उसवला, त्यावर दुसरा आकडा शिवला आणि ती जर्सी उल्हासनगरच्या गाठोड्यात बांधून टाकली. टेलरच्या धंद्यात कापड वाया घालवणं म्हणजे पाप. त्याला त्यात काही वावगं वाटलं नाही.

संध्याकाळी किसनची आई ठमाबाई आली. पालेगावाहून चालत. दुकानाच्या पायरीखालीच उभी राहिली आणि म्हणाली, “मास्तर, माज्या पोराचा सदरा शिवून झालाय म्हनं. तेवढा द्या. त्याच्या अंगावर एकदा तरी घालीन म्हनते.”

गाठोडं महिपतीच्या पाठीमागेच फळीवर होतं. हात लांब केला असता तर पुरला असता. पण गाठोडं सोडा, आकडा उसवा, गिऱ्हाइकाला काय सांगा, शिवाय आपण पोराचा आकडा उसवलाय हे या बाईला कुठल्या तोंडाने दाखवा? तो चटकन बोलून गेला, “नाही हो मावशी. शिवलाच नव्हता अजून.” ठमाबाई बरं म्हणून निघून गेली. त्या वर्षी, आठ वर्षांत एक गोल न केलेल्या उल्हासनगरच्या त्या कॉलेजने ढाल नेली.

पुढल्या साली महिपतीने थर दोनदा मोजले. सोळा. शिवून घड्या घातल्या तर सतरा. सतराव्या जर्सीवर आकडा नव्हता. चुकलं असेल म्हणून त्याने ती उजेडात धरली. उसवलेल्या टाक्यांची बारीक भोकं पाठीवर होती, एकावर एक दोन गोल. इंग्रजी आठाचा आकडा. कापड कोरं, तागा नवा, रंग लाल, आणि छाती चौतीस.

त्या लाल संघाचं नाव त्याने चहा पिताना गमतीने घेतलं. तो संघ जिंकला. मग दरवर्षी तेच. आठांपैकी कुठल्यातरी एका गाठोड्यात एक जर्सी जास्त निघायची आणि महिपती ते नाव सांगून मोकळा व्हायचा. लोक म्हणायचे, मास्तरांच्या हाताला गुण आहे. बघणारे आणखी एक बोलायचे, की त्या वर्षीच्या संघात मैदानावर एक माणूस जास्तच वाटतो. मोजले तर अकरा. पण चेंडू जिथे जाईल तिथे कुणीतरी आधीच पोचलेला.

८५ साली पहिला दणका बसला. जिंकलेल्या संघाने बदलापूरच्या नदीवर आंघोळीला जायचं ही पोरांची जुनी रीत. त्या आंघोळीत एक पोरगा बुडाला. सतरावी जर्सी त्याच्या अंगात होती. महिपतीने योगायोग म्हटलं. ८८ साली दुसरा बुडाला, त्याच डोहात, त्याच जर्सीत. तेव्हा मात्र त्याच्या पायाखालची वाळू सरकली.

८९ ला त्याने सतरावी जर्सी कपाटात घालून कुलूप लावलं. दोन दिवसांनी कप्तान हसत सांगायला आला, “मास्तर, एक जास्तीची आलीये, चालेल ना?” महिपतीने कपाट उघडलं. रिकामं!

मग त्याने काय केलं? काही नाही. हेच तर सांगायचं आहे. पोरांना सांगता आलं असतं की बाबांनो, नदीवर जाऊ नका. पण का, असं कुणी विचारलं तर फळीवरच्या गाठोड्यापर्यंत जावं लागलं असतं. त्याने फक्त आपल्या एकुलत्या एक पोराला, जयदेवला, मैदानाची बंदी केली. आपला तो बाब्या, दुसऱ्याचं ते कार्टं. दुसऱ्यांच्या घरी सतरावी जर्सी जात राहिली, हा चहा पीत नाव सांगत राहिला आणि तीन वर्षं कुणी बुडालं नाही म्हणून देवाचे आभार मानत राहिला.

९२ साली जास्तीची जर्सी निघाली ती जयदेवच्याच कॉलेजच्या गाठोड्यात. हिरवी. त्याने यादी तीनदा वाचली. सोळा नावं, त्यात जयदेव नाही. हुश्श करून त्याने गाठोडं आवळलं आणि त्या दिवशी लछमनदासला जरा जास्तच ऐटीत नाव सांगितलं. लछमनदास हसला, “वो लोग? अरे साईं, उनको तो बूट की लेस बांधना नहीं आता!”

लेस बांधता येवो न येवो, तो संघ अंतिम सामन्यात पोचला. सामन्याच्या आदल्या संध्याकाळी महिपती अंबरनाथच्या आपल्या घरी जेवायला बसला होता. विठाने, त्याच्या बायकोने, ताट वाढलं, आणि दारातून जयदेव आत आला तो हिरव्या जर्सीत.

“बाबा, रागावू नका,” तो म्हणाला. “यादीत नव्हतो मी. पण एक जर्सी जास्त आली होती, म्हणून सर म्हणाले, घ्या याला. दोन गोल केलेत मी!”

तो ऐटीत गर्रकन वळला. दिव्याचा उजेड पाठीवर पडला. मुलांनी घाईने चिकटवलेल्या सतराच्या आकड्याखाली ती भोकं होती, एकावर एक दोन गोल. चौतीस छातीची जर्सी, आणि जयदेवची छाती अडतीस. पण ती त्याला अशी बसली होती की जणू त्याच्यासाठीच बेतली होती.

“काढ ती! आधी काढ!” महिपती उष्ट्या हाताने धावला, कॉलर धरून ओढू लागला. शिवणीचा एक टाका तुटेना. जयदेवने त्याला ढकललं. “वेड लागलं का तुम्हाला? सगळ्या गावाचं भाकीत करता, आणि स्वतःच्या पोराचं नाव आलं तर पोटात दुखतं?”

“उद्या नदीवर जाऊ नकोस. एवढं तरी ऐक, बाळा.”

“जिंकलो तर जाणार. सगळे जाणार. आणि आम्हीच जिंकणार, तुम्हीच सांगितलंय ना!” जयदेव तणतणत मित्राकडे झोपायला निघून गेला. दहा वर्षांत पहिल्यांदा महिपतीने विठाला सगळं सांगितलं. विठा रडली नाही की ओरडली नाही. एवढंच म्हणाली, “त्या बाईकडे जा. इथे बसून काय होणार?”

सकाळी तो पालेगावला गेला. ठमाबाई अंगणात वाल सोलत बसली होती. केस पिकले होते. महिपतीने चप्पल काढली, मातीत बसला आणि एका दमात सगळं बोलला. गाठोडं मागेच होतं हेही बोलला. ठमाबाईचे हात थांबले नाहीत. मूठभर वाल सोलून झाल्यावर ती म्हणाली, “दा वर्सं मी त्याचं ताट वाढते. येत का नाय, म्हनून विचार करायची.”

“मावशी, माझं पोर वाचवा.”

“त्या दिवशी सदरा दिला असतास, तर सदऱ्याच्या मागून तो घरी आला असता. आता खेलत बसलाय. पोरांना खेल लागला की भूक कुठं आठवते?” तिने सूप बाजूला ठेवलं. “आनि खेल झाला की सोबतीला कुनीतरी पायजे त्याला, पोहायला. एकला कसा जाईल?”

ती उठली, पदर खोचला आणि त्याच्या पुढे चालू लागली.

मैदान एमआयडीसीच्या कडेला होतं. दुपारची वेळ, आभाळ भरलेलं, कारखान्यांचा उग्र वास नाकात बसलेला. दोघं पोचले तेव्हा जयदेवचा संघ दोन शून्यने पुढे होता. माणसं ओरडत होती. महिपतीने हिरव्या जर्स्या मोजल्या. अकरा. पुन्हा मोजल्या. बारा. चेंडू जयदेवकडे यायचा आणि जयदेवचे पाय त्याच्या बापाने कधी पाहिले नव्हते असे पळायचे. काटकुळ्या पोराचे पाय.

ठमाबाई फक्कीच्या रेघेला पाय लावून उभी राहिली. दोन्ही हात तोंडाशी धरले. वीस घरांच्या पलीकडून पोराला हाक मारायची सवय असलेला आवाज होता तो.

“किसन! ए किसन! चल घरी. भाकरी निवली!”

मैदान गप्प झालं, अशी शांतता की शिट्टीतला दाणा ऐकू यावा. जयदेव चेंडूवर पाय ठेवून जागच्या जागी थांबला. पुढे कितीतरी वर्षांनी त्याने आईला सांगितलं, की कुणीतरी खांद्यावरचा हात काढून घेतल्यासारखं झालं आणि एकदम थंडी वाजली. त्यानंतर त्या संघाला खरंच बुटाची लेस बांधता येईना. तीन गोल खाल्ले. हरले.

नदीवर कुणी गेलं नाही. जयदेवने रडत रडत जर्सी काढली. काढली कसली, अंगाला घट्ट झालेली ती काखेत टरकन फाटली. ती त्याने बापाच्या पायाशी फेकली आणि म्हणाला, “तुम्हीच नजर लावलीत. मी नाही विसरणार.” महिपतीने ती उचलून उजेडात धरली. पाठ कोरी होती. तो तिथेच गवतात बसून ढसाढसा रडला, आणि लोकांना वाटलं, पोरगा हरला म्हणून रडतोय.

ठमाबाई पालेगावच्या वाटेला लागली होती. एक हात जरा बाजूला धरून, कुणाशी तरी बोलत, रागावत. “आधी पाय धू. चिखल घेऊन घरात शिरू नकोस.” मग थांबली, मागे वळली. “मास्तर, सदरा द्यायचा राहिलाय तुमचा.”

त्याच आठवड्यात महिपतीने निळं कापड घेतलं. छाती चौतीस, पाठीवर आठ. टाके असे बारीक घातले की कुणाला उसवता येऊ नयेत. स्वतः नेऊन दिला. पुढल्या जुलैत सोळा थरांचे सोळाच शर्ट झाले, आठही गाठोड्यांत. लछमनदासने चहा मागवला आणि विचारलं, “बोलो साईं, इस साल कौन?” महिपती म्हणाला, “मला काय ठाऊक?” मास्तरला शिष्टपणा आला असं बाजार म्हणाला. जयदेव त्याच्याशी कामापुरतंच बोलायचा. महिपती त्यावरही खूश होता. बोलायला पोर होतं ना.

त्या वर्षीच्या दसऱ्याच्या सुमाराला ठमाबाई दुकानात आली. या वेळी पायरी चढून आत आली. पिशवीतून तोच निळा सदरा काढून तिने टेबलावर ठेवला. कॉलर मळलेली, बाहीला लाल माती, धुऊन धुऊन विटलेला.

“काखेत आवलतो म्हनतो,” ती म्हणाली. “जरा सैल करून दे.”

महिपतीने सदरा हातात घेतला. तो उबदार होता. त्याने टेप काढली, सदऱ्याची छाती मोजली आणि शिवणीतलं कापड सोडायला घेतलं.

“बसा मावशी,” तो म्हणाला. “वाढतं अंग आहे. दोन इंच जास्तच ठेवतो.”